बोलू नकोस, सलोमी

रात्रपाळी करून आलेय. पडदे ओढलेत, तरी इंग्लंडचं फिकट ऊन फटीतून पांघरुणावर येतंय. डोळा लागतोय न लागतोय तोच पायथ्याशी एस्तरमावशी बसलेली दिसते. मला वाढवून, नर्स करून इथे आणणारी माझी मावशी. तिला पुरून तीन वर्षं झाली.

"उद्याच्या मीटिंगमध्ये तू बोलणार म्हणे, सलोमी," ती म्हणते.

"बोलणारच. पेशंट म्हणाला, 'काळी नर्स नको.' आणि इनचार्ज सिस्टरनं गुपचूप ब्लेसिंगकडून त्याची खाट काढून दुसरीला दिली. नायजेरियाची आहे ब्लेसिंग, माझ्याच पाळीतली. वॉर्डातल्या निम्म्याजणी म्हणतात, रंगाचा विषयच नको, वातावरण बिघडतं."

"खरंय त्यांचं."

"त्यांचं कुठे काय बिघडलंय, मावशी?"

ती उठते. मी मागोमाग जाते. माझ्या खोलीचं दार वॉर्डात उघडतं. खाटा आमच्याच, पण पायाखाली मिरजेच्या घराची सारवलेली जमीन. दुसरं दार उघडते, तोच वॉर्ड. तिसरं उघडते, तोच.

"बाहेर कुठून जायचं गं?"

"मी कधी शोधलंच नाही. गप्प राहिले म्हणून टिकले. टिकले म्हणून तुला आणता आलं."

मी चौथं दार ढकलते. तोच वॉर्ड.

"विटाळ नको म्हणून माझ्या आईला गावात पाणी वरून ओतायचे," मावशी म्हणते. "ती बोलली का?"

"नाही बोलली. म्हणून तुलाही वरूनच ओतलं."

मावशीचा चेहरा उतरतो. बोलले ते परत घ्यावंसं वाटतं, पण आता समोर लांब टेबल आहे, सगळ्या बसल्यात. इनचार्ज सिस्टर विचारते, "कुणाला काही सांगायचंय?" ब्लेसिंग माझ्याकडे बघते. बाकीच्या टेबलाकडे.

मी तोंड उघडते. मागून मावशीचा हात येतो आणि माझ्या तोंडावर गच्च बसतो.

"नको गं पोरी. परत पाठवतील तुला."

तिच्या आवाजात राग नाही, भीती आहे. मला श्वास घेता येत नाही. डोकं हलवते, हात सुटत नाही. शेवटी मी चावते. मावशीला, जिनं मला भरवलं तिला, चावते.

जाग येते. खोलीत कुणी नाही. तोंडावर माझाच हात घट्ट दाबलेला आहे. तो उचलून उजेडात धरते. तळव्याच्या कडेला दातांच्या खुणा उमटल्यात, लाल, ओल्या.