काठी आडवी करायची नाही

मी काय काम करते हे लोकांना समजावून सांगणं माझ्या कामापेक्षा अवघड आहे. "रस्त्याच्या कंपनीत आहे" म्हटलं की समोरचा आधी माझ्या चपलांकडे बघतो, डांबर लागलंय का म्हणून. अहो, रस्ता रुंद करायच्या आधी त्याच्या दोन्ही अंगांना जुनं काय काय आहे ते बघावं लागतं. देवळं, दर्गे, बारवा, वेशी, समाध्या, मोठी झाडं. त्यातलं काय वाचवता येईल, रस्ता कुठं थोडा सरकवता येईल, हे इंजिनिअर लोकांच्या गळी उतरवायचं, हे माझं काम. आईनं ते एका वाक्यात बसवलंय. शेजारणीनं विचारलं की सांगते, "रस्त्यात येणारे देव लिवून घेती आमची पोरगी."

आमचं ऑफिस सोलापुरात. एक दिवस साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाले, "हा पुढचा रस्ता. दुधनीच्या बाजूला जाणारा. चौपदरी करायचाय." मी नकाशावरून बोट फिरवत गेले आणि बोट आमच्याच गावावर येऊन थांबलं. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. म्हटलं, चला, पाहणीच्या निमित्तानं रोज आईच्या हातची भाकरी, आणि तीही कंपनीच्या गाडीनं जाऊन.

आमचं गाव रस्त्याच्या अलीकडं, मामाचं पलीकडं. मधे रस्ता आणि थोडी रानं, बस्स. लहानपणी घरात माझं कुणाशी वाजलं की आईला पत्ता लागायच्या आत मी मामाकडं पोचलेली असायची. पण आई स्वतः कारणाशिवाय तिकडं पाऊल टाकायची नाही. तिच्या वेळची रीतच तशी. माहेरानं यावं, आपण उठसूट जाऊ नये. आणि तिचं माहेर यायचं ते चैत्रातल्या जत्रेला, काठी घेऊन.

काठी म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हातातली नव्हे. घरावर घर ठेवलं तरी वर उरेल असा सरळसोट कळक, म्हणजे जाडजूड बांबू. त्याला रंगीत फडकी गुंडाळलेली, टोकाला मोरपिसांचा तुरा, आणि तुऱ्यात मूठमूठ हळदीचा भंडारा भरलेला. मामाच्या गावचा देव हा भाऊ आणि आमच्या गावची देवी त्याची बहीण. भाऊ बहिणीला चोळी-बांगडी करायला येतो, तो या काठीच्या रूपानं. काठी धरायचा मान मामाच्या घराचा. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्यात कळकाचा बुंधा, चारी बाजूंनी दोर धरलेली माणसं, आणि मधे अनवाणी मामा. रस्ता ओलांडून तो आमच्या अंगणात येऊन थांबतो. आई त्याच्या पायांवर पाणी घालते. मग देवळापुढं त्यांची काठी आणि आमच्या गावची काठी एकमेकींना भेटतात. नियम एकच. एकदा उभी केलेली काठी घरी परत जाईपर्यंत आडवी करायची नाही. काठी आडवी होते ती काठीवाल्याच्या घरी मयत झाली तरच.

दोन गावांत एक चुरस मात्र होती. कुणाची काठी उंच? दोघंही छातीठोकपणे सांगणार, आमचीच. भेटीच्या वेळी दोन्ही तुरे एकमेकांत गुंतायचे आणि ज्याला जे बघायचं ते दिसायचं. मोजायचा विषय निघाला की सगळे कानाला हात लावायचे, देवाला टेप लावत नसतात म्हणून. खरं कारण शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

माझी पाहणी झाली, पक्का आराखडा आला आणि बघते तर हा नवा रस्ता आमच्या दोन गावांच्या मधून भरावावर चढून जाणार होता. मधे दुभाजक, कडेला कठडे, वरून ओलांडायला सक्त मनाई. त्याऐवजी खालून एक बोगदा. "बघा, ट्रॅक्टर जाईल, उसाची ट्रॉली जाईल," साहेब कौतुकानं म्हणाले. "तुमच्या गावासाठी खास."

"आणि काठी?" मी विचारलं.

पाहणीच्या अहवालात काठीबद्दल मी आधीच सगळं लिहून दिलेलं होतं. साहेबांनी ते वाचलंही होतं. ते म्हणाले, "तेवढ्यापुरती आडवी करा की. पलीकडं गेलं की परत उभी."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, काय सांगू! तोंडातून निघूनच गेलं, "सर, तुमच्या लग्नात तुम्हाला घोड्यावरून उतरवून मांडवात रांगत आणलं असतं तर चाललं असतं का?"

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं. आमचे साहेब पुण्याचे, पण माणूस मनानं लाख. हसले आणि म्हणाले, "अहो, देऊळ एका जागी असतं, त्याला वळसा घालता येतो. तुमची काठी चालते. चालणाऱ्या वस्तूला मी वळसा कसा घालू?"

"वळसा नको. वाट द्या."

साहेबांनी नकाशा जवळ ओढला. मग त्यांनी ओढ्यावर बोट ठेवलं. तिथं पूल होणारच होता आणि रस्ता तिथं तसाही उंचावरून जात होता. पुलाला ओढ्याच्या कडेनं एक कोरडी कमान वाढवली तर बोगद्याची गरजच उरणार नव्हती. "पण वर मंजुरी मागायची तर उंची लागेल," ते म्हणाले. "नेमकी. अंदाजपंचे नको."

झालं. हीच तर मेख होती.

शाळेच्या पटांगणात बैठक भरली. दोन्ही गावं लोटली होती. साहेबांनी सगळं नीट समजावलं आणि मामाला विचारलं, "काका, तुमची काठी किती उंच?"

मामा उठला. आधी मिशीवरून हात फिरवला. "तीस फूट."

आमचे सरपंच बसल्या जागेवरून म्हणाले, "मग आमची पस्तीस हाय. लिवा, सायेब."

"मी तुरा धरला न्हाय त्यात," मामा म्हणाला. "तुरा धरून चाळीस."

"आमचा बी तुरा धरायचा ऱ्हायलाय की!"

मी डोक्याला हात लावला. लिलावात बोली चढावी तशा काठ्या चढत होत्या. शेवटी साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "मंडळी, एवढ्या उंचीला पूल पुरायचा नाही. विमानतळ लागेल." यावर दोन्ही गावांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साहेब काठीची तारीफ करतायत.

गाडीत बसताना साहेब हळूच म्हणाले, "असले आकडे वर पाठवले तर पहिल्याच टेबलावर बासनात जाईल. मग बोगदाच होणार." मी घरी गेले. आई उखळात शेंगांची चटणी कुटत होती. मी सगळं सांगितलं तशी तिचा हात थांबला.

"म्हंजे काठी यायची न्हाय?"

"असंच चाललं तर नाही."

तिनं मुसळ बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तुजा आजा गेला, आज्जी गेली, तरी मला कुणी माहेर तुटलेली म्हटलं न्हाय. का, तर वर्साला काठी येती. उद्या ती बंद झाली तर मी कुणाची गं?" आणि उठली, हात धुतले, चपला घातल्या आणि निघाली. पदर डोक्यावर घ्यायचंही तिला भान नव्हतं. मी मागं पळत.

मामा ओसरीवर बाजेवर पडला होता. आईला अशी भर दुपारी दारात बघून ताडकन उठला. "आक्का! कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाय. काठी किती उंच हाय ते सांग."

"सांगितलं की मघाशी."

"ते सायबाला सांगितलंस. मला सांग."

मामा पत्र्याकडं बघायला लागला. एवढा दांडगा माणूस, पण आईपुढं त्याची मान खालीच. "मोजली न्हाय गं कधी," तो म्हणाला. "आन् मोजून कमी भरली तर? तुज्या गावची माणसं वर्सभर दात काढतील मला."

"काढू देत," आई म्हणाली. "मला उंच माहेर नगं, येणारं माहेर पायजे."

मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मला भडभडून आलं. कितीतरी अहवाल लिहिले, मोठमोठे शब्द वापरले, पण आईनं जे एका दमात सांगितलं ते मला कधी लिहिता आलं नव्हतं. मामानं तांब्या घेतला, घोटभर पाणी प्याला आणि म्हणाला, "बलाव तुज्या सायबाला."

मोजणीच्या दिवशी आमच्या देवळापुढं दोन्ही काठ्या उभ्या केल्या. आडवी करायची नाही, मग मोजायची कशी? तर उभी करायच्या आधीच तुऱ्याच्या खाली दोर बांधला आणि तो खाली सोडला. साहेबांनी दोराला टेप लावला. मामाची काठी तीस फुटांच्या कितीतरी आत निघाली. आमच्या गावची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. मामा समोर बघत शांत उभा.

मग आमच्या काठीची पाळी. आमच्या एकानं उत्साहाच्या भरात दोर जरा जोरातच ओढला. वरचं फडकं सर्रकन खाली आलं आणि उन्हात चकाकला तो करड्या रंगाचा प्लास्टिकचा पाइप! बोअरला लावतात ना, तोच. कळक संपत होता तिथं तो बसवलेला होता आणि वर थाटात मोरपिसं.

सरपंच खाकरले, "वाऱ्याला हलका बसतो म्हणून..."

पहिल्यांदा मामा हसला. असा हसला की त्याच्या कमरेतली काठी गदगदा हलायला लागली आणि दोरवाले ओरडले, "धरा, धरा!" मग दोन्ही गावं हसली, आमचे सरपंचही हसले, न हसून करतात काय? पाइप धरला नाही तर दोन्ही काठ्या अगदी बरोबरीच्या आहेत असं साहेबांनी जाहीर केलं. खरंच होत्या का ते त्यांनाच ठाऊक, टेप त्यांच्याच हातात होता.

पण साहेबांनी हिशेब करून सांगितलं, कमान जास्तीत जास्त जेवढी उंच करता येते त्यापेक्षा काठी अजून हात-दीड हातानं जास्त भरते. आता सगळे मामाकडं बघायला लागले. आईसुद्धा. मामानं काठी वागवत वागवत घरी नेली, देवाला नारळ फोडून उतरवली आणि करवत मागितली. पुजारी चुळबुळ करत होते. मामा त्यांना म्हणाला, "कळक बदलतोच की आपण. औंदा जरा आखूड म्हणायचं." बोलला असं सहज, पण करवत लावायच्या आधी त्यानं कळकाला डोकं टेकवलं. मी बघितलं ते. आमच्या गावानंही त्याच मापाची नवी काठी केली, पाइपाशिवाय.

मंजुरीसाठी मी किती भांडले ते सांगत बसत नाही. "जतन करायची वस्तू कुठं आहे?" असं मला एका बैठकीत विचारलं. मी म्हटलं, "वर्षभर मामाच्या घराच्या आढ्याला आणि एक दिवस रस्त्यात." शेवटी साहेबांनीच ते आपल्या भाषेत नीट मांडलं आणि कमान झाली.

नव्या पुलाखालून काठी यायची पहिली जत्रा. आई अंगणात थांबायला तयारच नव्हती. पाण्याची घागर घेऊन पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. साहेबही सोलापुराहून मुद्दाम आले होते, स्वतःच्या गाडीनं. हलगी वाजत वाजत पुलापाशी आली आणि एकदम थांबली. मामानं वर बघितलं, आणि एक पाऊल आत टाकलं.

त्याच क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोर आम्ही तुऱ्याच्या खाली बांधला होता. ज्या तुऱ्यावरून बैठकीत एवढी बोली लागली, तो तुरा मापात धरायचाच राहिला होता! मी साहेबांकडं बघितलं, साहेब माझ्याकडं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं.

तुरा छताला टेकला. मोरपिसं वाकली, पार मागं झुकली आणि छताला घासत पुढं सरकायला लागली. कळक कुठं अडला नाही. पिसांमधला भंडारा मामाच्या डोक्यावर, खांद्यांवर, दोरवाल्यांच्या टोप्यांवर झरझर पडत होता. मामा एकेक पाऊल टाकत अलीकडं आला, उजेडात आला आणि पिसं पुन्हा सरळ उभी राहिली. आई घागर धरून नुसतीच बघत होती.

"आक्का, पाणी घाल की," मामा म्हणाला. "पाय भाजल्यात माजे."

आई हसली आणि रडली आणि सगळी घागर त्याच्या पायांवर रिकामी केली.

पावसाळ्यानंतर साहेबांचा फोन आला. पुलाची तपासणी झाली होती. "छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा पट्टा उमटलाय, म्हणतात. पुसून घेऊ का?" मी म्हटलं, "सर, हात लावू देऊ नका." ते हसले. "मला वाटलंच," म्हणाले.

आई आता कारणाशिवायही पलीकडं जाते. कधी मामीला चटणी द्यायला, कधी उगीच. परवा मी तिच्याबरोबर होते. कमानीखाली ती थांबली, मान वर करून तो पिवळा पट्टा बघितला, आणि पलीकडून येणाऱ्या एका अनोळखी बाईला आपणहून सांगितलं, "माजा भाऊ हितनं येतो."