दाईबुढी झोपून राहिली नाही

दवाखान्याच्या खाटेवर तिची चादर वर केली तर मांडीखालचं अंथरूण रक्तानं भरलेलं. मी ओरडले. ती ओरडली नाही.

“बोंबलू नको वं गंगे. मूठ कर अन् जखमेच्या जरा वर दाब, नाडी उडते तिथं,” दाईबुढी म्हणाली.

मी दाबलं.

“जोर लाव! भाकर थापून राह्यली काय?”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नर्सला हाका मारत होता. नर्स येईपर्यंत मी मूठ उचलली नाही. तोवर दाईबुढीचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं.

आमच्या उंद्री गावात तिचं नाव कोणी घेत नसे. सगळ्यांची ती दाईबुढी. माझी शेजारीण. निम्म्या गावाची बाळंतपणं तिनं केली. पुढे बायांना न्यायला दवाखान्याची गाडी यायला लागली आणि तिचं काम संपलं, तरी बाया पोटाला तिचा हात लावून घ्यायला यायच्या. रक्ताला ती भीत नव्हती, पण जपून होती. माझ्या दुसऱ्या खेपेला वार पडली आणि रक्त थांबेना. ती पोटावर मूठ ठेवून चोळत राहिली. तिचा घाम माझ्या तोंडावर पडत होता. मी वाचले तेव्हा म्हणाली, “रगत कोणाचं सोयरं नाही. वाट भेटली का जाते.”

बाईला ती आडवी बाळंत होऊ देत नसे, उकिडवीच बसवायची. “झोपून माणसाले एकच काम जमते. मरायचं.” स्वतःही दिवसा कधी पाठ टेकत नसे. तापातसुद्धा भिंतीला टेकून बसायची.

तिच्या छातीत दुखलं तेव्हा तिनं अर्धा दिवस ओवा चावला. वात आहे म्हणाली. अंगाला घाम सुटला तसं मी ऐकलं नाही. ऑटोत घालून चिखलीला नेलं, तिथून रुग्णवाहिकेत जालन्याला. मुलगा सुरतेला. उपचाराला त्यानं फोनवरच हो म्हटलं.

डॉक्टरीण पोरगीच होती. तिनं आम्हाला स्पष्ट सांगितलं. हृदयाची नळी बंद झाली आहे, उघडली नाही तर हृदय थकेल. उघडायची तर रक्त पातळ करावं लागतं. आजींचं वय ऐंशीच्या पुढं, अंगात मांस नाही, मूत्रपिंडही मंद. अशा माणसाचं रक्त वाहिलं तर आवरणं कठीण.

दाईबुढीनं तिला विचारलं, “तुह्या हातच्या म्हाताऱ्या वाचतात का?”

“बऱ्याच वाचतात, आजी. सगळ्या नाही.”

“खोटं नाही बोलत पोरगी. कर.”

हाताची शीर वाकडी निघाली, म्हणून तार जांघेतून घातली. नळी उघडली. दुखणं थांबलं. डॉक्टरीण मला दोनदा बजावून गेली, संध्याकाळपर्यंत पाय सरळ ठेवायचा, उठायचं नाही, लघवी भांड्यातच.

दुपारी तिला लघवी लागली. मी पडदा ओढला, भांडं घेतलं.

“मी झोपून मुतू? बसव मले.”

“डॉक्टरीण नाही म्हणाली.”

“तुह्ये तिन्ही लेकरं म्या बसवूनच काढले ना वं? आता मले शिकवून राह्यली?”

तिच्या काखेत हात घालून मी तिला खाटेवर उकिडवं बसवलं. नर्सला विचारलं नाही. काम झालं, तिला पुन्हा निजवलं, चादर टाकली. थोड्या वेळानं ती म्हणाली, “गंगे, खाली गरम लागून राह्यलं.”

मी आणि मग नर्सनं दाबून धरलं तसं बाहेरचं रक्त थांबलं. आत, पाठीच्या बाजूला, बरंच गेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर उघडलेली नळी पुन्हा बुजेल, चालू ठेवली तर आतलं रक्त वाहत राहील. तिनं गोळी चालू ठेवली आणि वरून रक्त चढवलं. मग विचारलं, “यांना उठवलं कोणी?”

मी म्हटलं, “मी.”

“म्या सांगतलं तिले,” दाईबुढी म्हणाली. “तिले बोलू नका.”

डॉक्टरीण रक्ताची पिशवी पाहून पुढच्या खाटेकडे गेली. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दाईबुढी जरा शुद्धीत होती. माझा हात धरून तिनं बोटं चाचपली. “मूठ चांगली हाय तुही. पह्यलेच पाह्यली असती त तुले धंदा शिकवला असता.” एवढं बोलून तिला धाप लागली. गावात आता कोणाला छातीच्या दुखण्यासाठी जालन्याला नेलं की मी त्यांच्या घरी जाते आणि मी काय केलं ते सांगते. लोकांना आवडत नाही. तरी सांगते.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा देऊळगाव राजाचा होता, दाईबुढीहून दोन वर्षांनी मोठा. त्याचीही नळी त्याच दिवशी उघडली होती, जांघेतूनच. सुनेला शिव्या देत तो संध्याकाळपर्यंत उताणा पडून राहिला.

दाईबुढी तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. म्हातारा वाचला.