साखळीची चावी

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घागरींना कुलूप असायचं. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून बायका आदल्या दिवशीच रिकाम्या घागरी ओळीनं लावून ठेवायच्या, आणि कुणी आपली घागर गुपचूप पुढं सरकवू नये म्हणून सगळ्या घागरींच्या कड्यांतून एक लांब साखळी ओवायच्या. साखळीची दोन्ही टोकं विजेच्या खांबाशी एका कुलपात अडकवलेली असत. त्या कुलपाची चावी दर सोमवारी घर बदलायची. हॉर्न वाजला की चावीवालीनं धावत येऊन साखळी सोडायची, एवढंच काम. पण त्या आठवड्यात त्या बाईशी सगळे जरा अदबीनं बोलायचे.

आमचं घर सोडून चावी पुढं जायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. आई दवाखान्यातून आल्यापासून ती आपोआप आमच्या अलीकडच्या घरातून पलीकडच्या घरात जाऊ लागली होती.

आजारपणात आईला कुणी नसताना आवाज यायचे. झोप उडाली होती. एकदा ती अनवाणी एसटी स्टँडवर सापडली. त्या काळात मी कॉलेजमध्ये सांगायचे, आई मामाकडे गेलीय. मी आधीच कमी बोलणारी, त्यामुळे पुढचं कुणी विचारलं नाही. आता तिला घरी येऊन सहा महिने झाले होते. गोळ्या वेळेवर चालू होत्या, आवाज थांबले होते. पण घरातलं काहीच पूर्वीसारखं झालं नव्हतं. गॅस बाबा पेटवायचे. भाजी मी चिरायचे आणि सुरी वरच्या फळीवर ठेवायचे. आई पलंगावर बसून तूरडाळ निवडायची. ती डाळ मी आधीच निवडलेली असायची, हे तिला माहीत होतं.

बाबा एसटी डेपोत मेकॅनिक. एका संध्याकाळी पायरीवर बसून ते मला म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत तिला देवणीला तुझ्या मामाकडं ठेवू. इथं पाण्याचा ताप. अजून एक प्रसंग झाला तर मला झेपणार नाही." त्यांचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. आई दारामागं उभी होती. मागच्या वेळी देवणीला तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं आणि कडी बाहेरून होती. ती आत जाऊन डाळीचं ताट पुढं ओढून बसली.

दर गुरुवारी स्कूटीवर एक ताई यायची. घरोघरी जाऊन मानसिक आजारातून उठणाऱ्या माणसांना भेटणं हे तिचं काम. "गोळ्यांचं डॉक्टर बघतील," ती आईला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "मला सांगा, तुम्हाला काय करायचंय?" तिच्याकडं प्रत्येकासाठी एक कागद असायचा आणि त्याचा एकच नियम होता. ज्याचा कागद, त्याचेच शब्द त्यावर लिहायचे.

आई कितीतरी आठवडे गप्प राहिली. शेवटी मीच म्हटलं, "शिवणकाम लिहा. पूर्वी करायची ती."

ताई हसली. "तुमचा कागद वेगळा काढू का?"

आणि तेव्हा आई म्हणाली, "चावी."

मला वाटलं, ती पुन्हा काहीतरी भलतंच बोलतेय. पण ताईनं विचारलं, कसली चावी? आणि आईनं घागरींचं सगळं नीट सांगितलं, कुणाच्या घरून कुणाच्या घरी जाते तेही. ताईनं कागदावर लिहिलं, 'चावीची पाळी मला पाहिजे.'

गल्लीचा कारभार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या अक्का बघायच्या. कपाळाला आडवं भस्म, माहेर उदगीरचं, आवाज गल्लीभर. मला वाटलं, ताई जाऊन त्यांच्याशी बोलेल. ती म्हणाली, "मी नाही. त्याच बोलतील. सोबत हवी तर येते." आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "ही येईल."

दुकानात तीन-चार बायका होत्या. मी साबणांच्या वड्यांकडं बघत उभी राहिले.

"कशाला गं बाई तुला ताप?" अक्का म्हणाल्या. "बस की निवांत."

"सहा महिने निवांतच बसलेय, अक्का. बसून बसून पाय दुखायलेत."

"आन टँकर आला आन तू झोपलेली असलीस तर?"

"तुमच्या मालकावानी घोरत न्हाई मी."

बायका फिसकन हसल्या. अक्काही. मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "होशील बरी हळूहळू. आमचा उदगीर जिल्हा होणार, तशी." उदगीरचा नवा जिल्हा होणार, ही तेव्हाची रोजची बातमी होती आणि तो काही होत नव्हता.

"उदगीरचं मला ठाऊक न्हाई," आई म्हणाली. "मी झालेय."

सोमवारी चावी आमच्या घरी आली. बाबांना ते पटलं नाही. "काही चुकलं तर सगळी गल्ली माझ्या दारात येईल," ते म्हणाले. "मग मात्र रविवारची देवणीची गाडी." आईनं चावी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. तीन दिवस तिचा हात सारखा त्या गाठीवर जायचा. दोनदा टँकर आला आणि दोन्ही वेळा ती सगळ्यांच्या आधी खांबाशी पोचली होती. हे मी बघितलं होतं. तरीही.

गुरुवारी आमचा आंघोळीचा दिवस होता, अर्धी बादली प्रत्येकी. आई न्हाणीत होती. तिचं कालचं लुगडं पलंगावर पडलं होतं, गाठीसकट. माझ्या मनात आलं, या आठवड्यात टँकर दोन्ही वेळा दुपारी आला, गोळीनं तिला दुपारीच झोप लागते, आणि मी प्रॅक्टिकल संपवून अकराला परत येतेच आहे. मी गाठ सोडली, चावी पर्समध्ये टाकली आणि निघून गेले. आईला सांगितलं नाही. तिला कमीपणा वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावलं.

टँकर साडेदहालाच आला होता.

मी परतले तेव्हा पाणी संपत आलं होतं आणि घागरी भरलेल्या होत्या. खांबाशी कुलूप तुटून पडलं होतं, शेजारी आमच्या पाट्याचा वरवंटा. आई न विंचरलेल्या मोकळ्या केसांनी उभी होती. शेजारीण सांगत होती, "टँकरवाला निघालाच होता. हिनं घरातून वरवंटा आणला आन घातला की."

ओळीच्या टोकाची एक बाई म्हणाली, "म्हणून म्हणत होते, येडीच्या हातात देऊ नका. हरवली का न्हाई चावी?"

आईनं माझ्या पर्सकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "हरवली."

तिला सगळं कळलं होतं आणि तिनं मला झाकलं. कुणीतरी डेपोत फोन केला होता, बाबा सायकलवरून गल्लीत शिरताना दिसत होते. ताईची स्कूटीही येऊन थांबली होती. ती उतरली आणि स्कूटीशीच उभी राहिली. मी ताईकडं बघत राहिले, तिनं सांभाळून घ्यावं म्हणून. तिनं नाही घेतलं.

वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज निघत नसे. मी पर्स उघडली. "चावी माझ्याकडं होती. मी काढून घेतली, आईला न सांगता."

अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग ह्या घरात खरं येडं कोण हाय म्हणायचं?"

पहिल्यांदा आईच हसली. मग सगळी गल्ली. टोकाची बाईही घागर उचलता उचलता पुटपुटली, "पोरगी शिकल्याली हाय, तिला काय कळतंय." माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं असं मला त्या क्षणी वाटलं, कारण या वेळी टोमणा आईला नव्हता, मला होता.

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली. अक्कांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते खाली वाकले, तुटलेलं कुलूप हातात फिरवून बघू लागले. आई पदर सावरून उभी राहिली. मी रविवारच्या गाडीचा विचार करत होते.

"किती घावांत तोडलं?" बाबांनी विचारलं.

"तीन."

"दोनात तुटायला पाहिजे होतं. हलकं कुलूप हाय." ते कुलूप खिशात टाकून ते परत डेपोत गेले.

ताई निघताना माझ्याजवळ थांबली. "तुमचा कागद आता खरंच काढते," म्हणाली. "काढा," मी म्हटलं.

आई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "परत माझ्या गाठीला हात लावायचा न्हाई." तिनं स्वतः गॅस पेटवला आणि कुणी उठून तिच्या मागं गेलं नाही. वरच्या फळीवरची सुरी मी खाली आणून ठेवली.

ज्या घराच्या पाळीत कुलूप तुटेल त्या घरानं नवीन आणायचं, अशी गल्लीची रीत होती. बाबा येताना चांगलं जड कुलूप घेऊन आले. त्याच्या तारेत दोन चाव्या होत्या. एक आईनं पदराला बांधली. दुसरी बाबांनी माझ्यासमोर धरली, मग जरा थांबून आईला विचारलं, "ही कुणाकडं ठेवू?"

"अक्काकडं द्या," आई म्हणाली. "घरात नको. घरात चोऱ्या व्हायल्यात."

रविवारी बाबांनी आमच्या नळाची गंजलेली तोटी बदलली. नळाला तेव्हा पाणीच येत नव्हतं. आई त्यांना पाना देत बसली होती आणि देवणीचं नाव कुणी काढलं नाही.