मागे म्हणजे कुठे

झिनियाच्या बियांच्या पाकिटावर ह्यांच्या अक्षरात दोनच शब्द होते : ‘उंच, मागे.’ हे गेल्यानंतर घरासमोरचा वाफा पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती आला होता. फाटकापाशी उभी राहून मी अंदाज घेतला आणि उंच झिनिया घराच्या बाजूला, बुटका झेंडू रस्त्याच्या बाजूला लावला. रोपं वीतभर झाल्यावर हे खुडायचे तसे शेंडेही खुडले.

आज शेजारची सून फाटकाशी थांबली. “काकू, यंदा वाफा रस्त्यावरून काय सुरेख दिसतोय हो! एरवी आम्हाला झेंडू दिसायचाच नाही.”

बरं वाटलं. एकटं राहायला लागलं की माणूस आपलं घरसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेने बघायला लागतो.

आत येऊन चहा टाकला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खिडकीबाहेर पाहिलं. समोर झिनियाची नुसती हिरवी भिंत. झेंडू पार पलीकडे दडलेला. इतकी वर्षं इथून आधी झेंडू दिसायचा आणि त्याच्या डोक्यावर झिनिया. मला वाटायचं, वाफा असाच असतो.

‘मागे’ म्हणजे कुठून मागे, हे मी कधी विचारलंच नाही. ह्यांनी ते या ओट्यापासून धरलं होतं.