हडळीच्या झाडाचा ग्यानोबा

मुखेडहून आमच्या गावाकडं येताना रस्त्याच्या कडेला चिंचेची बरीच झाडं लागतात, आणि त्यातल्या निम्म्यांवर हडळ आहे. हे मी नाही, गाव म्हणतं. हडळीच्या झाडावर चढायला इथला एकही मर्द धजत नाही, म्हणून ती झाडं झोडायचं काम ग्यानोबाकडं. ‘छप्पन साली बौद्ध हुताना आमच्या आज्यानं देवासंगं भुतंबी सोडून दिली, मास्तर,’ असं म्हणून तो हसायचा आणि लुंगी खोचून सरसर वर जायचा. खाली त्याची बायको सरजाबाई आणि इतर बायका चिंचा वेचायच्या. माल लातूरच्या बाजारात जायचा.

झाडं किशनरावाची. म्हणजे तो फळ झाडावर असतानाच विकत घ्यायचा. दर साली ग्यानोबा त्याला कमरेला बांधायला दोर मागायचा आणि दर साली किशनराव म्हणायचा, ‘फांदीफांदीला गाठी सोडत बसलास तर माल कवा उतरायचा? हडळीला भेत न्हाईस आन् झाडाला भेतूस व्हय?’ सगळे हसायचे. मीही हसलोय.

यंदा फेब्रुवारीत ग्यानोबाच्याच घरासमोरचं झाड झोडायचं होतं. वरून तो ओरडला, ‘मालक, ही फांदी पोकळ लागून राहिली!’ किशनराव म्हणाला, ‘शेंड्याला माल किती हाय ते बघ की.’ मी समोरच्या ओट्यावर बसून हे ऐकलं. मग फांदी मोडली आणि ग्यानोबा पाठीवर पडला.

पुढं आम्ही शहाण्यांनी काय केलं? पाठ मोडलेल्या माणसाला काखेत हात घालून उठवलं, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि खड्ड्यांतून मुखेडला नेलं. मागं धरून मी बसलो होतो. तो किंचाळत होता आणि मी ‘धीर धर, धीर धर’ म्हणत होतो. तिथून नांदेडला पाठवलं. तिथं डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘याला बसवून कुणी आणलं?’ मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. त्याचे पाय गेले ते गेलेच.

त्याला घरी आणेपर्यंत गावात हडळ तयार होती. कुणाला तिचे मोकळे केस दिसले होते, कुणाला हिरवं लुगडं. हातात मोबाइल घेऊन जगाची अक्कल काढणारी ही माणसं! शिसारी येते मला. पोखरलेली फांदी तिथंच पडली होती, तिच्यातून वाळवीची माती सांडत होती, आणि लोक तिला ओलांडून हडळीचं लुगडं सांगत होते.

तीन आठवड्यांनी मी ग्यानोबाच्या बाजेपाशी बसलो असताना किशनराव चार माणसं घेऊन आत आला. अर्धं झाड राहिलं होतं. ते झोडायला त्याला ग्यानोबाचा मुलगा आनंदराज हवा होता. आनंदराजचं गेल्या साली लग्न झालंय. त्याला बाहेर जाता येऊ नये म्हणून सरजाबाई दारात आडवी उभी राहिली.

‘आधी दोर द्या. माझं लेकरू दोराबिगर चढायचं न्हाई.’

‘दोराचं काय काम? हडळीनं ढकललं त्याला. बुडाशी कोंबडं देतो, झालं.’

‘फांदी सडकी हुती! यांनी वरून सांगितलं हुतं तुमाला.’ ती बाजेकडं वळली. ‘ सांगा हो, तुमी तरी सांगा.’

किशनराव बाजेच्या काठावर बसला. लई मायेनं म्हणाला, ‘सांग ग्यानबा. म्हंजी आनंदराजला पुढल्या साली झाडं द्यायची का न्हाई, ते मला कळंल.’

ग्यानोबानं नजर वर पत्र्याकडं नेली. मग म्हणाला, ‘ढकललं. बाईच हुती.’

सरजाबाईनं दार सोडलं. जन्मभर भुतांना हसलेल्या माणसाकडून एवढं वदवून घेऊन किशनरावानं तिथंच चहा मागितला. तो चहा पिईपर्यंत मी त्याचं तोंड बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाच्या बुडाशी कोंबडं कापलं. आनंदराज काठी घेऊन वर गेला. कमर मोकळीच. मी ग्यानोबापाशी बसलो होतो. उघड्या दारातून त्याला झाड दिसत होतं. आनंदराजनं डावा पाय पुढं टाकला, तसा ग्यानोबा दोन्ही कोपरांवर उठला आणि ओरडला, ‘आनंदा, तिच्यावर पाय देऊ नगंस! तीबी पोकळ हाय! माझीसुदिक पोकळच हुती रं!’

झाडाखाली सगळ्यांना ऐकू गेलं. सरजाबाई अंगणातून किशनरावाकडं बघू लागली.

‘दुखण्यात बडबडून राहिला,’ किशनराव म्हणाला. ‘चल, आटप.’

आनंदराजनं पाय मागं घेतला, शेजारच्या फांदीवर ठेवला आणि काठी हाणली. बायका वाकून चिंचा वेचू लागल्या. त्यांत माझीही बायको होती.