हरायला बसलेली इस्त्रीबाई

आमच्या हौशी नाटकमंडळीत मी पडद्याआड बसून विसरलेले संवाद पुरवतो. त्यामुळे कोणाला काय येत नाही, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. इस्त्रीबाईला मात्र मला कधी एक शब्दही पुरवावा लागला नाही. अर्थात, अकरा वर्षं तिच्या वाट्याला शब्द आले तरी किती? चहाचा ट्रे आणायचा, "बाईसाहेब, कोणीतरी आलंय" म्हणायचं आणि आत जायचं.

बाई दिवसभर आपल्या दुकानात कपडे इस्त्री करते. बोलायला फटकळ, हाताला चलाख. यंदा तिने नाटकातल्या आजीची भूमिका मागितली. ही आजी बुद्धिबळाची वेडी. जन्मभर कोणाला हार गेली नाही, आणि शेवटच्या प्रवेशात नातीकडून हरते. सगळं नाटक त्या एका हरण्यावर उभं.

दिग्दर्शकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, तुला बुद्धिबळाची आवड आहे का?"

"मुळीच नाही."

"मग आजी करणार कशी? आतून यायला हवं!"

"गेल्या वर्षी मला चहातून विष देणारी मोलकरीण दिलीत, सर. तेव्हा नाही विचारलंत आवडीचं. कोणाचा मुडदा पाडून ये म्हणाला असतात, तर सासूबाई होत्याच घरात."

मंडळी खो खो हसली, पण दिग्दर्शक बधले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे बँकेतल्या मॅडम होत्या. मॅडम बुद्धिबळाच्या स्पर्धा जिंकलेल्या, घरात कपाटभर चषक. शेवटी ठरलं, की पंधरा दिवसांनी दोघींनी शेवटचा प्रवेश करून दाखवायचा. जिचा चांगला, तिची भूमिका.

नवऱ्याने घरी पट मांडला. "हे बघ, घोडा अडीच घरं चालतो."

"अहो, अर्धं घर कसलं? घोड्याचं काय भाड्याचं आहे?" तिसऱ्या दिवशी ती प्यादं हातात धरून बसल्या जागी पेंगली. नवऱ्याने हात टेकले. "सोड ते खूळ. तुझा चहाचा ट्रे बरा."

झालं! हे ऐकल्यावर सोडेल ती इस्त्रीबाई कसली? वाचनालयाच्या व्हरांड्यात निवृत्त मंडळी रोज बुद्धिबळ खेळतात. कपडे पोचवायच्या निमित्ताने ही तिथे उभी राहू लागली. पटाकडे बघायचीच नाही, माणसांकडे बघायची. एक दिवस मला म्हणाली, "काका, त्या निवृत्त इंजिनियरांच्या शर्टाची डावी बाही नेहमी कोपरापाशी चुरगळलेली असते. इतकी वर्षं इस्त्री करतेय, कारण आज कळलं. हरायला लागले, की मुठीत धरतात."

शेवटच्या प्रवेशात आजीच्या नऊ चाली होत्या. त्या तिने पाठ केल्या, जशी शर्टाची घडी हाताला पाठ असते तशा.

परीक्षेच्या दिवशी आधी मॅडम बसल्या. समोर नात म्हणून दिग्दर्शकांची भाची. मॅडमची बैठक अशी ऐटदार, की दिग्दर्शक माझ्याकडे बघून भुवया उडवू लागले. सातव्या चालीला मॅडमचा हात थबकला, डोळे चमकले आणि त्यांनी भलताच घोडा उचलला.

"शह! आणि मात!"

भाची रडकुंडीला आली. "मॅडम, तुम्हाला हरायचंय ना?"

"हरते ना. पण इथे सरळ मात दिसतेय, ती सोडायची म्हणजे..."

दुसऱ्यांदा मॅडम पुन्हा जिंकल्या. तिसऱ्यांदा मनावर दगड ठेवून हरल्या, पण चेहरा असा, जणू दाढ उपटलीय. वर भाचीला तिची चूक समजावूनही सांगितली!

मग इस्त्रीबाई बसली. सहा चाली खडाखड. सातवीला तिने डाव्या बाहीचा कोपर मुठीत धरला, हळूहळू आवळला. मारलेलं प्यादं अंगठ्याने गोंजारत राहिली. नववी चाल झाली, भाची "मात" म्हणाली. इस्त्रीबाईने मूठ सोडली आणि नातीकडे बघून अशी हसली, की मी वहीतलं पान उलटायचं विसरलो.

दिग्दर्शक खाकरले. "म्हणजे लागली शेवटी आवड!"

"छे हो, सर. सोंगट्या बघून अजून जांभई येते. पण त्या म्हातारीला आवड आहे ना? मला म्हातारीची आवड आहे. तेवढी पुरते."

दिग्दर्शकांना हे काही पटलं नाही, आजही पटत नाही. पण मॅडमच उठल्या. "सर, आजी हिलाच द्या. मला हरता येणार नाही, प्रयोगात तर नाहीच." मग इस्त्रीबाईसमोर खुर्ची ओढून म्हणाल्या, "पण एक खरा डाव खेळ गं माझ्याशी."

"खेळू की," इस्त्रीबाई म्हणाली. "आधी माझ्या चाली लिहून द्या."