लाहूच्या मशीनची चाल

जानी वीस वर्षं उंबरगावच्या एका कारखान्यात पंख्याच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळते आहे. सकाळी सहाला तलासरीच्या नाक्यावरून कंपनीची गाडी नेते, संध्याकाळी तिथेच आणून सोडते. घरी आली की ती ओट्यावर बसते आणि चहा होईपर्यंत कोणाशी बोलत नाही. उजवा खांदा कायम ठणकत असतो.

तिचा नवरा लाहू लग्नांत भोंगा लावायचा. भोंगा, बॅटरी आणि पेटीतलं एक स्वस्तातलं रेकॉर्ड मशीन, एवढ्या सामानावर त्याने आसपासच्या पाड्यांतली लग्नं वाजवली. डीजे आले तशी पेटी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी लाहूही गेला. यंदा कौलं बदलायला काढली तेव्हा मुलगी योगिता म्हणाली, "आई, हे भंगारात देऊन टाकू."

"खाली ठेव. रविवारी बघते."

का बघायचं, ते जानीला सांगता आलं नसतं. आठवडाभर लोकांच्या मोटारी बांधायच्या आणि घरातली बंद ठेवायची, हे तिला पटलं नाही, एवढंच.

रविवारी तिने चार स्क्रू काढले. मोटार जळलेली नव्हती, आतलं तेल मात्र गोंदासारखं झालं होतं. तिने ते रॉकेलने धुतलं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. मोटार फिरली, पण वरची थाळी फिरेना. दोन्हींच्या मधलं रबरी चाक दगड झालं होतं. ते घसरू नये म्हणून लाहूने कधीतरी मोटारीच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली होती, थरावर थर. जानीने ती नखाने सोलून काढली.

पुढच्या रविवारी चारोटीला गाडी बदलून ती डहाणूला गेली. स्टेशनजवळ प्रविणचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता मोबाइलच्या काचा बसवतो.

"ताई, हे आता कोण वाजवतं?"

"जमेल का ते सांगा."

"चाकाला नवं रबर चढवून देतो. सुई मुंबईहून मागवावी लागेल. मागवायचीच तर चांगली घ्या, जुनी फार जड होती. रेकॉर्ड खरवडून काढायची."

सुई आली, तरी काम महिनाभर लांबलं. दोन रविवारी कारखान्यात जादा पाळी होती. तिसऱ्या रविवारी जानी जेवून आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली. चौथ्या रविवारी तिने चाक, सुई, नव्या तारा जोडल्या. मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचू नये म्हणून स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. लाहूने एवढं कधी केलं नव्हतं.

गाणं ऐकायला शेजारून लाहूची बहीण ठकी आली. लग्नातली रेकॉर्ड लावली. ठकीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे गाणं असं हळू नव्हतं गे. गाणारी बाई आजारी आहे का?"

जानीने थाळीवर कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस, वर थोडं. रेकॉर्डवर छापलेत तेवढेच, अगदी बरोबर. मग तिच्या लक्षात आलं. पट्टीने दांडा जाड झाला होता, म्हणून थाळी जोरात पळायची. इतकी वर्षं सगळे पाडे त्या धावत्या गाण्यावर नाचले होते.

"मग पट्टी लाव परत," ठकी म्हणाली. "लाहूसारखं वाजू दे."

"आता मशीन बरोबर आहे."

"बरोबर घेऊन काय करायचं?"

पट्टी घरात होती, पण ती घ्यायला जानीचा हात उचलत नव्हता. आणि गाणारी बाई दोन ओळींच्या मध्ये श्वास घेत होती. तो श्वास जानीने कधी ऐकला नव्हता. लग्नांत तिला ऐकायला वेळ कुठे होता? भाताची पातेली उतरवताना गाणी नुसती कानावरून जायची.

आता रविवारी दुपारी ती एक बाजू ऐकते. दुसरी लावायला उठावं लागतं, म्हणून बहुतेकदा एकच. कधी ठकीही येऊन बसते. अजून हळूच आहे, म्हणते, आणि शेवटपर्यंत ऐकते.